मूळपुरुष ठरवलेली बाई

आदरणीय अध्यक्षसाहेब, ज्यांच्या खुर्चीचा मागचा पाय मी परवाच नव्यानं बसवला आहे, तेव्हा निर्धास्त रेलून बसावं. सन्माननीय प्रमुख पाहुणे, ज्यांच्या समोरच्या मेजाला रंधा मीच मारला. संग्रहालयाच्या मंडळाचे मान्यवर सभासद, ज्यांच्यापैकी दोघांच्या तोंडात माझ्या हातच्या कवळ्या आहेत, कुणाच्या ते विचारू नका. शहरातले शिक्षक, पत्रकार, तिकीटखिडकीवरच्या मावशी, पहाऱ्यावरचे आणि झाडलोटीवरचे माझे सोबती. आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसलेली माझी बायको, जी घरून निघताना म्हणाली, "दोन शब्द बरे बोला आणि गप खाली बसा": सर्वांना नमस्कार.

बरे शब्द मानपत्रात छापून आलेच आहेत. त्यात मला 'हाडाचे कलाकार' म्हटलंय. कवटीवर काम करणाऱ्या माणसाबद्दल याहून मोठा विनोद मंडळाला सुचला नसता, म्हणून तो मी गोड मानून घेतो. पण त्यातली माझ्या कामांची यादी अपुरी आहे. ती मी आधी पुरी करतो, कारण अर्धवट यादी मला सहन होत नाही.

या हातांनी मी कवळ्या केल्या. कापडाच्या दुकानांत उभे असतात ते पुतळे केले, आणि त्यांना बोटं नीट केली. बाकीचे कारागीर बोटं जोडून टाकतात, मी एकेक वेगळं केलं. एका सुताराला लाकडाचा पंजा करून दिला, त्यात तो खिळा धरू शकत असे. एका मुलीसाठी काचेचा डोळा रंगवला. या संग्रहालयात आलो त्यानंतर देवमाशाचा जबडा जोडला, रानबैल उभा केला, धान्याचं पेव केलं, चूल केली, चुलीतली राखसुद्धा केली. ती राख खरी नाही, हे इतक्या वर्षांत एकाच्याही लक्षात आलं नाही. मी आत्ता ज्याच्यावर हात ठेवून उभा आहे ते हे उभं डेस्कसुद्धा माझंच. आणि शेवटचं काम म्हणजे एक बाई. तिच्याबद्दल मानपत्रात ओळ नाही. तिच्याबद्दलच मी बोलणार आहे.

हे काही मला कुणी शिकवलेलं नाही. माझी शाळा लवकर सुटली. शरीररचनेचं पुस्तक रद्दीतून आणलं, पाठ केलं, आणि परीक्षा द्यायची नव्हती म्हणून विसरलो नाही. हा गर्व आहे का? आहे. मी तो धुऊन पुसून ठेवलेला आहे.

आता, कवळ्यांच्या धंद्यातल्या माणसाला किळस परवडत नाही. लोकांच्या तोंडातलं काय काय या बोटांना लागलंय ते चहाआधी सांगत नाही. पुढे हाडं आली, मातीतली, ओली, किड्यांनी कोरलेली. कधी शिसारी आली नाही. मग गेल्या वर्षभरात या इमारतीच्या जिन्यावर पाय ठेवताना मला किळस का येत होती? तेच सांगायला उभा आहे.

शहराबाहेरच्या टेकाडात पाण्याच्या टाकीसाठी खणताना एक सांगाडा लागला, हे आपल्याला ठाऊक आहे. काम थांबवलं, उत्खननवाले आले, त्यांनी ब्रशनं माती झाडत सांगाडा मोकळा केला. सगळे हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून. कारण या हाडांतून आता डीएनए काढतात, आणि आपला एक शिंतोडा उडाला तरी तो हाडात मिसळतो. ही सूचना मोठ्या अक्षरांत लिहून खड्ड्याच्या तोंडाशी लावली होती. पाटी मीच रंगवली होती.

अध्यक्षसाहेब आले. फोटोग्राफर आला. साहेबांनी उघड्या हातांनी जबडा उचलला. उत्खननवाला मुलगा ओरडला, "साहेब, नको!" साहेब म्हणाले, "अरे, आमचाच पूर्वज आहे. आम्हाला काय शिवाशीव सांगतोस?" फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, दात मातीनं काळे दिसताहेत." मग साहेबांनी खिशातून रुमाल काढला, त्याचं टोक जिभेवर ओलं केलं, आणि समोरचे दात पुसले. एकदा नाही. पुन्हा टोक ओलं केलं आणि दाढा पुसल्या. फोटो छान आला. तो दालनात लावला होता, आता काढलाय. साहेब, आपण घड्याळ बघताय, पण ते घड्याळ पुढं आहे. अजून वेळ आहे.

त्याच संध्याकाळी पेपरवाल्यांना निवेदन गेलं: मूळपुरुष सापडला.

इथं बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी थोडं सांगायला हवं. या शहरात काही घराणी स्वतःला मूळची म्हणवतात. बाकीचे आम्ही उपरे. माझे आजोबा इथं आले, म्हणून मी उपरा. माझी मुलगी इथं जन्मली, तीही उपरी. मंडळावर मूळचेच बसतात. या सभागृहाची पहिली रांग मूळच्यांची. तशी पाटी नाही. पण कुणी चुकून बसलंच तर मावशींना जाऊन त्याच्या कानात सांगावं लागतं. मावशी, तुम्ही मान खाली घालू नका, तुमचा दोष नाही. लहानपणी मला चित्रकलेचं बक्षीस याच सभागृहात मिळालं. माझी आई शिवणकाम करायची. ती लवकर येऊन पहिल्या रांगेत बसली, मुलगा नीट दिसावा म्हणून. तिला उठवलं. ती उठली, हसली, आणि मागे भिंतीशी जाऊन उभी राहिली. हसताना तिच्या पुढच्या दाताची खाच दिसली. सतत दातानं दोरा तोडून तिला ती खाच पडली होती. पुढे मी अनेकांचे दात केले. ती खाच मला तिच्या दातात बुजवून द्यायची होती. ती म्हणाली, "राहू दे रे, दोरा बरोबर त्यातच बसतो."

असो. मूळपुरुषाकडे वळतो.

दात प्रयोगशाळेत गेले. तिथं या कामाच्या प्रमुख एक बाई आहेत, आपण त्यांना प्रयोगशाळेच्या बाई म्हणू. वार्षिक समारंभ तोंडावर आलेला, म्हणून साहेब रोज फोन करायचे. शेवटी तिथल्या एका मदतनीसानं कंटाळून सांगितलं, "पहिल्या चाचणीत पुरुष दिसतोय, आजच्या तुमच्या भागातल्या लोकांशी फारच जुळतोय, पण थांबा, अजून पडताळणी..." साहेबांनी 'जुळतोय'पर्यंत ऐकलं आणि फोन ठेवला. मी शेजारी उभा होतो, भिंतीला चौकट लावत होतो. दुसऱ्या दिवशी दर्शनी भिंतीवर कापडी फलक चढला: 'पाच हजार वर्षं. तेच रक्त. तीच माती.' फलकावर साहेब आणि कवटी गालाला गाल लावून.

मग बाई स्वतः आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या, हातात साधी कापडी पिशवी. मंडळाची बैठक बसली. मी कपाटाची बिजागरी बसवत होतो म्हणून मलाही ऐकायला मिळालं. आणि खरं सांगायचं तर बिजागरी केव्हाच बसली होती.

बाई म्हणाल्या, "एक गोष्ट जमत नाहीये. कमरेचं हाड बाईचं आहे. त्यात शंकाच नाही. आणि दातावरचा डीएनए पुरुषाचा."

मंडळातले एक सभासद म्हणाले, "दोन माणसं एका खड्ड्यात असतील."

"कमर बाईची आणि दात पुरुषाचे? खड्ड्यात दोघांनी अशी वाटणी केली?"

कुणी हसलं नाही. मी कपाटात तोंड घालून हसलो.

बाईंनी मग शांतपणे समजावलं. जुना डीएनए तुकड्या-तुकड्यांत मिळतो, बारीक तुकडे, टोकं झिजलेली. दातावर जो मिळाला तो लांब होता, धडधाकट होता. म्हणजे कालपरवाचा. "खणताना ज्यांचा ज्यांचा हाडांशी संबंध आला, त्या सगळ्यांच्या गालांतून आम्ही कापसाची काडी फिरवून नमुने घेतले होते, ते याचसाठी. त्यांतल्या एकाशी हा जुळला. नाव मी खासगीत सांगेन."

साहेब म्हणाले, "खासगीत कशाला? आमच्यात काही लपवाछपवी नसते. सगळ्यांसमोर सांगा."

त्यांना वाटलं, आता उत्खननवाल्या मुलाचं नाव येणार.

"आपला आहे, अध्यक्षसाहेब."

सभासदहो, ऐकलंत ना? आपण ज्याला मूळपुरुष म्हणून भिंतीवर चढवलं, तो मूळपुरुष म्हणजे अध्यक्षसाहेबांची थुंकी! कापडी फलकावर लिहिलेलं 'तेच रक्त' खोटं नव्हतं. पाच हजार वर्षं मात्र फार झाली. मागे हसणाऱ्यांनी थोडं थांबा. मला हसू आलं होतं ते तेवढ्यापुरतंच. किळस पुढे आहे.

खरा नमुना बाईंनी कानाच्या आतल्या हाडातून काढला. शरीरातलं ते सगळ्यात घट्ट हाड. तिथं कुणाचा रुमाल पोचत नाही. निकाल असा: बाई. केस काळे, डोळे गडद तपकिरी, कातडी सावळी. आणि तिच्या वंशाचं आज आपल्यात जवळजवळ काही नाही. त्याच टेकाडाच्या वरच्या थरात, काही शतकांनंतर पुरलेली जी माणसं सापडली, ती वेगळीच, गवताळ मैदानांकडून गुरं घेऊन आलेली. आज ज्यांनी ज्यांनी नमुने दिले ते सगळे त्या नंतरच्यांचे वंशज. मूळचेही आणि उपरेही. माझा आणि साहेबांचा नमुना शेजारी ठेवला तर चिठ्ठी वाचल्याशिवाय कोणता कुणाचा ते सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मला आमच्या आजोबांचा अभिमान होता.

मी बाईंना नंतर जिन्यात गाठून विचारलं, "त्या नंतरच्यांनी हिच्या लोकांना मारलं का?"

"माहीत नाही. हाडांवर घाव नाहीत. रोग असेल, दुष्काळ असेल, घरं रिकामी झाल्यावर दुसरे येऊन राहिले असतील. माणसं बदलली एवढं दिसतं. कशी, ते अजून दिसत नाही. जे दिसत नाही ते मी सांगत नाही."

"मग ही तरी मूळची म्हणायची ना?"

त्या हसल्या. "हिचे पूर्वज नदीच्या वरच्या अंगानं आले होते. त्यांच्या आधीही इथं कुणीतरी होतंच."

'जे दिसत नाही ते मी सांगत नाही.' हे वाक्य मी माझ्या कामाच्या मेजासमोर भिंतीवर लिहून ठेवलं. माझ्या मते मानपत्र असं असावं.

मग मी तिचा चेहरा करायला घेतला. कवटीचा साचा काढला. त्यावर जागोजागी मांसाच्या जाडीएवढ्या खुंट्या चिकटवल्या, मग स्नायू चढवले, एकेक. डीएनए रंग सांगतो, नाक सांगत नाही. नाक हाडाच्या भोकावरून आणि त्याखालच्या काट्यावरून काढावं लागतं. तिचं नाक रुंद आणि बसकं निघालं. ते मी तसंच केलं. आणि दातांकडे आलो तेव्हा थांबलो. तिच्या पुढच्या दोन दातांत खाच होती. घासून घासून पडलेली, गुळगुळीत. आतड्याची तात किंवा दोरी दातांत धरून ओढायची तिला सवय असणार. अशी खाच मी आधी फक्त एका तोंडात पाहिली होती. म्हणून मी तिचे ओठ किंचित उघडे ठेवले. ती बोलायला तोंड उघडतेय असं नाही; हातात काम आहे आणि दोरा तोंडात धरायचाय, असं. ती खाच दिसावी म्हणून मी ओठ तीनदा मोडून केले. शाळेतली मुलं यायची, माझ्या खोलीच्या खिडकीच्या काचेला नाक लावायची आणि एकमेकांना विचारायची, "ही काय खातेय?" मला फार बरं वाटायचं.

साहेब पहिल्यांदा आले ते दोन सभासदांना घेऊन. पुतळ्यासमोर उभे राहिले. एक सभासद म्हणाले, "ही आपल्यातली वाटत नाही."

मी म्हटलं, "नाहीच आहे."

"लोकांना आपलेपणा वाटायला हवा हो. नाक जरा सरळ करता येईल का?"

"कुणासारखं?"

त्यांनी खिशातून साहेबांच्या वडिलांचा फोटो काढला. मी फोटो घेतला, पुतळ्याच्या शेजारी धरला, नीट पाहिलं. म्हटलं, "साहेब, आपल्या वडिलांची कवळी मी केली होती. ते फार भले गृहस्थ होते. पण ते ही बाई नव्हते."

हे उद्धट झालं, मान्य. पण खोटं कुठं झालं?

मग ठराव झाला. बाईंचा अहवाल 'अधिक अभ्यासासाठी' कपाटात गेला. माझ्या बिजागरीचं ते कपाट, छान बंद होतं. दातावरच्या पहिल्या निकालातलं 'आजच्या लोकांशी जुळतो' एवढं वाक्य पाटीसाठी घेतलं. थुंकी कुणाची, ते सोडून दिलं. नवं डोकं बाहेरच्या कंपनीकडून मागवलं. आणि मला ही स्वेच्छानिवृत्ती मिळाली. यातली इच्छा कुणाची, ते निमंत्रणपत्रिकेत स्पष्ट केलेलं नाही.

चहानंतर आपण सगळे वर नव्या दालनाच्या उद्घाटनाला जाणार आहात. जरूर जा. काचेमागे मी केलेलं तिचं धड असेल. माझ्या हातानं केलेले हात, नखांखालची माती, सुजलेले सांधे, सगळं तसंच. मानेवर मात्र दुकानातल्या पुतळ्याचं डोकं असेल. मी दुकानांसाठी पुतळे केलेत. ते कसं डोकं असतं ते मला माहीत आहे. नाक सरळ. रंग दोन छटा उजळ. मानेचा जोड झाकायला गळ्यात मण्यांच्या माळा घातल्यात, त्या काळात नसलेल्या मण्यांच्या. आणि तोंड मिटलेलं.

मला किळस कशाची आली, ते आता सांगतो. साहेबांच्या थुंकीची नाही. हौशी माणूस आहे, हातून चूक झाली. ती पुसता आली असती. किळस याची, की चूक कळली, बाईंनी पुराव्यानिशी दाखवली, आणि तरी मंडळानं ती थुंकीच पूर्वज म्हणून ठेवून घेतली. भोवती मखमली दोर लावला. त्यावर दिवा सोडला. आणि आता शाळेतल्या मुलांना त्यासमोर रांगेत उभं करणार. शाळेतून आलेल्या गुरुजनांना मी विचारतो: मुलं विचारतील, ही कोण? तुम्ही काय सांगणार आहात? मला उत्तर नको. मुलांना लागेल.

एकदा तिची माणसं या जमिनीवरून गेली. कशी गेली ते कुणालाच माहीत नाही, आणि जे गेले त्यांना त्याबद्दल कुणी विचारलं नसणार. दुसऱ्यांदा तिला घालवलं ते मात्र मी पाहिलंय. त्याला चहा आणि बिस्किटं लागली, आणि हात वर करून मतदान.

तिचं खरं डोकं तळघरात आहे. माझं नाही, संग्रहालयाचं आहे, म्हणून मी ते घरी नेलेलं नाही. माझ्यावर तसा आळ घेणाऱ्यांनी जाऊन बघावं. मी ते मऊ कापडात गुंडाळलंय, तोंडाजवळचं कापड सैल ठेवलंय, म्हणजे ओठांवर दाब येणार नाही. दमट हवेत रंग उडेल. वर्षातून दोनदा कुणीतरी कापड बदलावं, एवढी विनंती. मावशींनी मघाशी मान हलवली, ती मी पाहिली.

समारोप करतो. सूत्रसंचालकांनी तिसऱ्यांदा चिठ्ठी पाठवलीय. चिठ्ठीचा कागद चांगला आहे. मंडळानं मला इतकी वर्षं छप्पर, हत्यारं आणि खिडकीजवळची जागा दिली, त्याबद्दल आभार. सन्मानचिन्हाबद्दल आभार, त्याचा तळ वाकडा आहे, घरी जाऊन घासून घेईन. सोबत्यांचे आभार शब्दांत मावत नाहीत, ते मी त्यांच्या घरांतली मोडकी स्टुलं दुरुस्त करून फेडेन. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाच्या कवळीचा उल्लेख जास्त झाला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. माझी बायको पदर सावरून उठायच्या बेतात आहे, म्हणजे माझं झालंच.

एकच गोष्ट राहिली, कारण शहरात बोललं जातंय की पैसे कमी पडले म्हणून मी अडून बसलो.

ठरावाच्या आधी साहेब दुसऱ्यांदा आले ते एकटे आले. माझ्या कामाच्या खोलीत, स्टुलावर बसले, बराच वेळ तिच्या दातांकडे बघत राहिले. या माणसाला सगळं कळतं, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणाले, "आमच्या वडिलांच्या नाकाचा विषय सोडा. तुम्ही तुमच्या आईचा चेहरा द्या. मला आठवतात त्या. आमच्याकडे शिवायला यायच्या, हसताना खाच दिसायची. ही खाच तशीच ठेवा. पाटीवर लिहू: आपल्या सगळ्यांची आई. तुमचं घर मूळच्यांत धरू, पहिल्या रांगेत तुमच्या दोन खुर्च्या. आणि मंडळाकडून बारा लाख."

मी नाही म्हटलं.